कार्ड मारणाऱ्याची मुलगी

नान्ना जेकार्डची कार्डं मारायचे,
साखर पेठेत, जिन्याखालच्या खोलीत.
पुठ्ठ्यात भोक म्हणजे धागा वर,
भोक नाही म्हणजे धागा खाली.
मोराची अख्खी मान
अशी हो-नाही हो-नाही करत चादरीवर यायची.

दोन कारखानदार एकाच वेळी आले
तर एकाला ते चहाला पाठवत.
ह्याचा मोर त्याला दिसता कामा नये.
आईने विचारलं, यंदा कुणाची काय नक्षी,
तर म्हणायचे,
जेवायला वाढ.

मी अशोक चौकात सेवा केंद्र चालवते.
एक खुर्ची, एक अंगठ्याचं मशीन,
पंखा आहे, पण कागद उडतात म्हणून बंद.
मला ठाऊक आहे
कुणाचं वय खरं किती नि दाखल्यावर किती,
कुणाचा नवरा रेशनकार्डावर अजून जेवतो,
कुणाच्या खात्यात एकशे चौदा रुपये,
आणि निम्म्या चौकाची जन्मसालं,
म्हणजे निम्म्या चौकाचे पासवर्ड.
लोक ओटीपी मोठ्यानं सांगतात,
वांग्याचा भाव सांगावा तसा.
मागच्या रांगेलाही पाठ होतो.

यल्लव्वा बिटला विड्या वळते.
चाळीस वर्षं पान नि तंबाखू,
अंगठ्यावरच्या रेषा कधीच निघून गेल्या.
मशीन तिला ओळखत नाही.
पूस, परत ठेव.
लिंबू लाव, परत ठेव.
"मीच आहे की रे," ती मशीनला सांगते.

त्याच यल्लव्वाला
एका ॲपनं आतून-बाहेरून ओळखलं.
चार हजार, सात दिवसांसाठी.
आठव्या दिवशी तिचा फोटो,
खाली नको ते शब्द,
एकशे बासष्ट फोनांवर गेला:
विड्या मोजून घेणारा चेकर,
भिवंडीचा भाऊ,
लेकीची सासू,
पाणी सुटलं की मिसकॉल देणारा चावीवाला,
बारा वर्षांपूर्वी वारलेल्या जावेचा नंबर,
जो आता कुणा परक्याचा आहे.
माझ्याही फोनवर आला.

दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, तोंडावर पदर.
म्हणाली, माझ्या फोनातली वही
मी कुणाला दिली नव्हती.

दिली होती.
मी दिली होती.
मार्चात, रांग पार रस्त्यावर,
ती म्हणाली होती, तुला कळतं, तूच दाब.
संपर्क: परवानगी द्या.
फोटो: परवानगी द्या.
ठिकाण: परवानगी द्या.
तीन टिचक्या. हो, हो, हो.
वर वीस रुपये घेतले.

हे तिला सांगायला मला नऊ दिवस लागले.
ती काही बोलली नाही.
सूप मांडीवर ओढलं, पानं कापू लागली.
कात्री नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

तक्रार दिली.
तक्रारीला आधारची झेरॉक्स लागली,
दोन प्रती.

नान्नांची ट्रंक माझ्याकडे आहे.
परवा उघडली, तर कार्डांना वाळवी.
त्यांच्या भोकांत तिनं आपली भोकं मिसळली,
आता तो मोर कुणालाच विणता येणार नाही.
नान्नांना बरं वाटलं असतं.

रात्री शटर ओढल्यावर
दिवसभराच्या खराब झेरॉक्स मी फाडते,
धुण्याच्या उरलेल्या पाण्यात भिजत घालते.
रद्दीवाला हळहळतो:
कोरी पाठ आहे ताई, भज्यांच्या गाडीवर गेली असती.
बादलीत कुणाचा तरी अर्धा चेहरा वर येतो.
मी तो बोटानं खाली दाबते.

आता प्रत्येक ओळ वाचून दाखवते.
रांग कुरकुरते,
दोन गिऱ्हाइकं समोरच्या केंद्रात गेली,
तिथं पटकन होतं.

मंगळवारी यल्लव्वा आली, रेशनच्या कामाला.
अंगठा पुसला, ठेवला मात्र नाही.
"हे काय विचारतंय?"
तुझी माहिती घेऊ का, म्हणतंय.
"नाही म्हटलं तर?"
तर पुढं जात नाही.
"मग विचारतंय कशाला?"

मी काचेकडे बघितलं. काचेवर
नुसतं हिरवं बटण.
तिचा अंगठा हवेतच,
गुळगुळीत, पिवळा,
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
आवरा लवकर.